आडवा म्हणजे चालू

पाना आला तो जिन्यातूनच ओरडत. "आत्या, आधी चहा, मग नळ. उपाशीपोटी मी पाईपला हात लावत नाही."

आईचा हा भाचा. खरं नाव फक्त त्याच्या रेशनिंग कार्डावर होतं; पंधराव्या वर्षी त्याने पहिला पाना हातात घेतला आणि तेव्हापासून सगळं गोत त्याला पाना म्हणत आलं. अर्ध्या गावाचे नळ त्याने जोडले होते, पण सख्ख्या आत्याच्या घरात त्याला कधी वॉशर बदलायलासुद्धा बोलावलं गेलं नव्हतं. या घरातला प्रत्येक पाईप बाबांनी स्वतः टाकला होता, आणि बाबा असेपर्यंत त्यांना हात लावायची दुसऱ्या कुणाची बिशाद नव्हती.

"चहा कुठून देऊ?" आई म्हणाली. "गॅस बंद आहे, दूध नाही. मीच इथे पाहुणी आहे."

ती हे हसत म्हणाली, म्हणून धाकट्या लेकीला ते जास्त लागलं.

पुराच्या दिवसापासून आई दादाकडे राहत होती. पूर हा दादाचा शब्द. बाबा गेल्यानंतर महिन्याभराने आई चार दिवस धाकटीकडे राहायला गेली, आणि मागे बंद घरात सिंकखालची लवचीक नळी फुटली. पाणी स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, तिथून जिन्याने खाली, आणि खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंच्या कापडाच्या ठाणांवर. घर सोडताना वरच्या मजल्याचा मेन कॉक बंद करायचा, हा या घराचा दंडक होता. आईनेच तो सगळ्यांच्या अंगवळणी पाडला होता. आणि दादा धावत आला तेव्हा कॉक चालू होता.

"मी पाहिलं होतं रे," आई तेव्हा म्हणाली होती. "निघताना वाकून पाहिलं. दांडा बंदवर होता. मला वाटलं, सामान उतरवताना तूच बंद केलास."

"मी हात लावला नव्हता, आई."

"मग बंदवर कसा होता?"

"नव्हता ना! मी आलो तेव्हा चालूवर होता. तू पाहिलंस, की तुला पाहिल्यासारखं वाटलं?"

त्या एका वाक्याने आईचं काय झालं ते धाकटीने फोनवरून ऐकलं. आधी ती भांडली. मग रुसली. मग एके दिवशी स्वतःच म्हणाली, "असेलही गं. हल्ली मलाच माझा भरवसा वाटत नाही." त्यानंतर ती दादाच्या घरात गॅस बंद केला की वहिनीला हाक मारून दाखवू लागली. दाराची कडी लावली की नातवाला विचारू लागली. पुढच्या आठवड्यात विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती.

स्मार्ट व्हॉल्व्हची कल्पना धाकटीची. पाणी कुठे नको तिथे वाहू लागलं, की ते यंत्र आपण होऊन मेन लाईन बंद करतं आणि फोनवर कळवतं. ते बसवलं तर आई पुन्हा स्वतःच्या घरी राहू शकेल, एवढाच तिचा मुद्दा. दादाने शेवटी मान हलवली होती, पण कशी, तर दाताच्या डॉक्टरकडे हलवतो तशी. "यंत्र पाण्याकडे बघेल," तो म्हणाला होता. "आईकडे कोण बघणार? आज पाणी, उद्या गॅस."

यंत्र पुढच्या आठवड्यात यायचं होतं. आज पान्याने नळ, पाईप, जोड सगळं तपासून यंत्रासाठी जागा तयार करायची होती. आणि आज संध्याकाळी, घर आईसाठी उघडं ठेवायचं की भाड्याने द्यायचं, याचाही निकाल लावायचा असं दादाने येताना गाडीत जाहीर केलं होतं. आई मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. तिने "तुम्ही ठरवाल तसं" एवढंच म्हटलं.

वहिनीने थर्मास आणला होता. चहा झाला. पाना घरभर फिरून आला.

"हे यंत्र हुशार असतं, पण फार संशयी," तो म्हणाला. "बाथरूमचा नळ टपटपतोय, फ्लशची टाकी आतल्या आत वाहतेय. एवढ्यावरसुद्धा त्याला वाटेल घरात चोर शिरला. मध्येच पाणी बंद करेल, आणि आत्या अंगाला साबण लावून उभी. तेव्हा आधी सगळी टपटप मिटवायची. मग जिन्याखाली, मेन कॉकच्या वर, हातभर सरळ पाईप लागेल. तिथे आत्ता दोन वळणं आहेत. ती काढून नवा तुकडा घालतो. शेजारी विजेचा प्लग हवा. वायफाय तिथवर पोचतं का बघा."

"आणि यंत्र बिघडलं तर?" दादा.

"म्हणून खाली साधा कॉक राहू द्यायचा. तो बंद केला की यंत्र काढता येतं."

टेलरबाई खालच्या दारात उभ्या होत्या. गळ्यात टेप, ओठात टाचणी. पुरापासून त्यांनी वरच्या कुणाशी धड बोलणं ठेवलं नव्हतं. "माझं पाणी तोडाल तर बघा," त्या टाचणीच्या बाजूने म्हणाल्या. "मला इस्त्रीला लागतं."

"तुमचा फाटा मेन कॉकच्या आधीच निघालाय, मावशी. वर प्रलय झाला तरी तुमचं पाणी चालू राहील."

"प्रलय झाला तेव्हा माझ्याकडे नळातून आणि छतातून, दोन्हीकडून चालू होतं," टेलरबाई म्हणाल्या.

वहिनीला हसू आलं. दादाने तिच्याकडे असं पाहिलं की ते अर्ध्यावरच राहिलं.

जिन्याखालच्या कोनाड्यात सगळे जमले. सगळ्यांचं तिथे काही काम नव्हतं. पण बाबांच्या पाईपला पहिल्यांदा परका हात लागणार होता, आणि ते न बघता वर बसून राहणं कुणालाच जमलं नसतं. पाईप जमिनीतून सरळ वर येत होता. त्यावर पितळी कॉक, कॉकला लाल दांडा.

पाना वाकला. "हा तर चालू दिसतोय."

"बंद आहे," दादा म्हणाला.

"दांडा पाईपच्या रेषेत, उभा आहे. उभा म्हणजे चालू."

"इतरांकडे. आमच्याकडे उलटं आहे. उभा म्हणजे बंद, आडवा म्हणजे चालू."

पान्याने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं. "हे काय, तुमच्या घराण्याचं वेगळं पाणी आहे का?"

मग त्याला सांगावं लागलं. घर बांधलं तेव्हा बाबांनी तो दांडा काढून साफ केला, त्यांच्या सवयीप्रमाणे भरमसाट ग्रीस फासलं आणि परत लावताना फिरवून लावला. चूकच झाली. पण आईने ती त्याच दिवशी दाखवून दिली, त्यामुळे ती कबूल करणं अशक्य होऊन बसलं. "माणूस आडवा पडला की मोकळा होतो, तसंच हे," असं काहीतरी तत्त्वज्ञान त्यांनी तिथल्या तिथे रचलं. आई म्हणायची, दोन मिनिटांचं काम आहे, सरळ करा, उद्या बाहेरचा कुणी आला तर फसेल. बाबा म्हणायचे, बाहेरच्याने हात लावायचाच कशाला? मुलं अक्षरं शिकली त्याच सुमारास हेही शिकली: आडवा म्हणजे चालू.

"पुराच्या दिवशी आडवा होता," दादा म्हणाला. "मी आधी वर धावलो, पाण्यात हात घालून सिंकखालचा छोटा कॉक बंद केला. मग खाली येऊन बघतो तर हा आडवा. मीच उभा केला. तेव्हापासून बंद आहे."

आई पायरीवर बसून स्वतःच्या हाताकडे पाहत होती.

"तरी एकदा वर नळ उघडून बघ," पाना म्हणाला. वहिनी वर गेली, स्वयंपाकघरातला नळ पूर्ण फिरवला. "थेंब नाही," तिने वरून सांगितलं.

"बरं. तुमचं घर, तुमचा कायदा." पान्याने कॉकच्या वरच्या जोडाला पाना लावला, दातओठ खाऊन एक आटा सोडवला, मग दुसरा.

पाणी आलं ते आगीच्या बंबातून यावं तसं. पान्याची टोपी उडाली. दादाच्या चष्म्यावर, कोनाड्याच्या छतावर, आईच्या पायांवर. टेलरबाई किंचाळून मागे सरल्या आणि ओंजळीने उंबऱ्यावरचं पाणी बाहेर लोटू लागल्या.

"बंद करा!" दादा ओरडला.

"बंदच आहे म्हणालास ना!"

"दांडा! दांडा फिरव!"

"आडवा करू?"

"आडवा नको, आडवा म्हणजे चालू!"

"अरे, आता यापेक्षा चालू काय होणार आहे!" आणि पान्याने डोळे मिटून दांडा आडवा केला.

पाणी थांबलं.

पाना भिजल्या मांजरासारखा बसला होता. दादाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. सदराही ओलाच होता.

"मग वर नळाला पाणी का नाही आलं?" वहिनी जिन्यातून विचारत होती.

"सिंकखालचा छोटा कॉक दादानेच बंद केलाय ना," धाकटी सावकाश म्हणाली. "तो नळ कोरडाच राहणार. मेन चालू असला तरी."

"पण मी मेन बंद..." दादा थांबला.

"तू चालू केलास," पाना म्हणाला. "पूर संपल्यावर. नशीब तुझं, छोटा कॉक बंद होता. नाहीतर दुसरा पूर तुझ्या नावावर." त्याने खिशातून विजेरी काढून दांड्याच्या नटावर धरली. "कुणीतरी हा दांडा काढून सरळ लावलाय. हे बघ, जुन्या गंजावर नवे ओरखडे. ग्रीसपण लावलंय. तुमच्या घरातली उलटी गंगा कुणीतरी सुलटी केली."

धाकटीने बोट लावून पाहिलं. ग्रीस नटाला हवं त्यापेक्षा बरंच जास्त होतं. तिने बोट पुसलं नाही. मूठ मिटून घेतली.

"पुराच्या दिवशी दांडा आडवा मी केला," टेलरबाई म्हणाल्या.

सगळे वळले.

"बघता काय? छतातून धार लागली, तुमचा पत्ता नाही. मी आले, उभा होता तो आडवा केला, पाणी थांबलं. सगळीकडे आडवा म्हणजेच बंद असतो."

"तुम्ही सांगितलं का नाही?" दादा म्हणाला.

"सांगितलं! 'मी पाणी बंद केलंय' म्हणून घसा फोडून सांगत होते. तुम्ही 'हो हो, भरपाई देतो' म्हणत वर पळालात." त्यांनी ओठातली टाचणी काढून पदराला लावली आणि आवाज जरा खाली आणला. "आणि तुमच्या घरात उलटं चालतं हे मला काय ठाऊक? काकांनी ते दुरुस्त केलं तेव्हा मी समोरच होते. मला वाटलं, घरात माहीत असेल."

"कोणी?" आई म्हणाली.

पुरापासून तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. एकच शब्द, पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"काकांनी. दवाखान्यातून त्यांना शेवटचं घरी आणलंत ना, त्या दिवसांत. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. इथे स्टुलावर बसले होते, धाप लागलेली. मी म्हटलं, काका, कशाला जिवाला त्रास? तर म्हणाले, बायकोचं एक काम घर बांधल्यापासून राहिलंय, तेवढं उरकतो. मी म्हटलं, काकूंना सांगू का? म्हणाले, मुळीच नको. आयुष्यभर सगळं तिने दहादा सांगितल्यावर केलं. हे एक न सांगता केलंय, ते तिचं तिला कळू दे."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

आईच्या ओठांचा कोपरा हलला. धाकटीला वाटलं आता ती रडेल, आणि ती पुढे सरकली. पण आई हसत होती. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग पदर तोंडाला लावून. "न सांगता," ती म्हणाली. "मेलं आख्खं घर बुडवलं, पण सांगितलं नाही!" डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं आणि पुन्हा हसली. मग तिने पदर खाली घेतला.

"म्हणजे मी निघाले त्या दिवशी दांडा उभा होता."

"हो," धाकटी म्हणाली.

"मी वाकून पाहिलं, आणि उभा होता."

"उभाच होता, आई. तू बरोबर पाहिलंस."

"मला नुसतं वाटलं नव्हतं. मी पाहिलं होतं."

हे ती धाकटीला सांगत नव्हती. दादा तिच्यासमोर ओल्या पायरीवर बसला. एवढा मोठा माणूस, केस पिकायला लागलेला. पण वही घरी विसरलेल्या पोरासारखा बसला.

"मी तुला..." तो म्हणाला.

"असू दे. तू तरी काय, बापाने शिकवलं तेच वाचलंस." आईने त्याच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला, आणि लगेच त्याच हाताने हलकीशी टपली मारली. "पण पुढच्या वेळी आईने पाहिलं म्हटलं, की पाहिलं."

"डॉक्टरांची वेळ रद्द करते," वहिनी म्हणाली. "नाहीतर राहू दे, मी जाऊन येते. काल माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला."

"ते तू कधी सांगितलंस?" दादाने विचारलं.

"माझं कोण ऐकतं? आणि आणखी एक सांगते, आता भिजलोच आहोत सगळे." वहिनी जिन्याच्या कठड्याला टेकली. तिने आवाज चढवला नाही. "आई आपल्याकडे राहिल्या तर मला आनंदच आहे. पण त्या आपल्याकडे राहत नाहीत, पाहुण्यासारख्या बसतात. भांडं कुठे ठेवू, विचारतात. मला माझी जुनी सासू हवी, जी मला भांडं कुठे ठेवायचं ते सांगायची."

धाकटीने वहिनीकडे पाहिलं. आईने दादाकडे राहावं असं वहिनीलाच वाटतं, असं तिने इतके दिवस मनात धरून ठेवलं होतं, आणि त्या हिशोबाने दोन-चार फोनसुद्धा तुटक केले होते. आता त्याचं काय करायचं ते तिला कळेना. ती उठली आणि वहिनीच्या हातातून फडकं घेऊन जिना पुसू लागली. वहिनीने दुसरं टोक धरलं.

दुपारभर काम चाललं. पान्याने दोन वळणं काढली, सरळ तुकडा बसवला, यंत्रासाठी वर-खाली जोड ठेवले. फ्लशच्या टाकीला नवा वॉशर, बाथरूमच्या नळाचा आतला भाग नवा, सिंकखाली जाळीची नळी. दादाने विजेच्या प्लगसाठी भिंतीवर खूण केली. ती खूण आईने येऊन बोटभर वर सरकवली. फरशी पुसताना पाणी लागेल म्हणाली. दादाने मुकाट्याने जुनी खूण खोडली. फोन हातात धरून धाकटी कोनाड्यात बसली आणि वायफायच्या दोन रेघा मोजून आली. टेलरबाईंनी खालून कोरडे कपडे पाठवले: पान्याला एका गिऱ्हाइकाचा न नेलेला झब्बा, जो त्याला ढोपराखाली येत होता.

"यंत्राची सूचना कुणाच्या फोनवर येऊ द्यायची?" पान्याने विचारलं.

"माझ्या," दादा म्हणाला. मग त्याने आईकडे पाहिलं. "म्हणजे... आई?"

"पहिली माझ्या," आई म्हणाली. "मग तुम्हा दोघांच्या. पण माझा फोन येईपर्यंत कुणी धावत यायचं नाही. घर माझं आहे."

संध्याकाळी कसला निकाल लावायचा होता ते कुणी काढलं नाही. दादाने मात्र गाडीतून आईची पिशवी आणून तिच्या खोलीत ठेवली, आणि खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडून आला.

शेवटी पाणी सोडायची वेळ झाली. पाईपात हवा भरलेली. वरचे सगळे नळ उघडे ठेवून ती बाहेर जाऊ द्यायची, मग एकेक बंद करत यायचं. पाना बाहेर मीटरपाशी उकिडवा बसला. सगळे नळ बंद झाल्यावर मीटरमधलं चक्र थांबलं पाहिजे. थांबलं तर घर सुकं. टेलरबाईंनी दोन्ही हात वर करून दाखवले: त्या आपल्या नळाला शिवणार नव्हत्या.

आईने स्वतः दांडा उभा केला. "उभा म्हणजे चालू," ती मोठ्याने म्हणाली, कुणाला तरी ऐकू जावं अशी, आणि गुडघ्यावर हात देऊन जिना चढली.

वर नळ खोकले, शिंकले, फुरफुरले. मग धारा लागल्या. मग एकेक आवाज कमी होत गेला. बेसिन. बाथरूम. गच्चीकडचा. स्वयंपाकघर.

"आत्या, झाले?"

"झाले सगळे!"

पाना मीटरवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "चक्र फिरतंय," तो हळूच म्हणाला. "एखादा राहिलाय."

दादा उठला. अर्धा उठला. जिन्याकडे एक पाऊल टाकलं. धाकटी स्वतःही उठली होती.

"काही राहिलेलं नाही!" आईचा आवाज आला. "फ्लशची टाकी भरतेय. थांबा जरा."

दादा तिथेच उभा राहिला. मग परत पायरीवर येऊन बसला. धाकटीही बसली. वहिनीने ओलं फडकं पिळून कठड्यावर टाकलं. वर कुणीही गेलं नाही.

चक्र मंद झालं, आणखी मंद, एका दातावर अडखळलं.

"थांबलं," पाना म्हणाला.

"मग?" वरून आई म्हणाली. "मी काय सांगत होते?"